अंड्याचा तवा

जेल रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तवे दोन.
एक ओट्यावर, पोळ्यांचा.
दुसरा गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे,
उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला.
अंड्याचा.

मी नववीत होते. कबड्डीच्या सरांनी
रोज दोन अंडी खा म्हणून फर्मावलं.
आई भांडी बाजारात गेली, घासाघीस करून
बिडाचा घेऊन आली आणि म्हणाली,
तुझा तवा, तुझं उलथणं, तुझी घासणी,
गॅलरीत विजेची शेगडी मांड.
ओट्यावर आणायचा नाही.

खेळ सुटला. आई गेली.
नियम राहिला.

डिसेंबरात अण्णांचं ऑपरेशन झालं, टाके सुकेनात.
डॉक्टर नवलाखे रिपोर्टवर पेन आपटत म्हणाले,
प्रोटीन फारच कमी आहे, अंडं चालेल?
अण्णा पंख्याकडे बघत राहिले,
जणू प्रश्न पंख्याला होता.
मी म्हटलं, बघते.

तर, ब्रेड दोन दिवसांचा घ्यायचा, देवळाली कॅम्पचा.
ताजा नको, ताजा भिजला की रडतो.
शिळ्या कढीला ऊत आणू नये म्हणतात,
शिळ्या पावाला खुशाल आणावा.
दूध, साखर, मीठ चिमूटभर.
अंडं फोडताना मशीनचा नळ सोडून ठेवायचा,
टक् हा आवाज बैठकीपर्यंत जातो.
टरफलं पेपरात, पेपर पिशवीत,
पिशवी थेट घंटागाडीत, मधे कुठेही न टेकवता.

निफाडला पारा उतरला की इथेही
शेगडीची कॉइल लाल व्हायला वेळ लावते.
शाल घेऊन उभी राहते मी.
पहिला तुकडा चिकटतो. नेहमीच. तो माझा.
दुसरा साजूक तुपात फुगतो, कडा धरतो,
तो ताटलीत.

हे काय?
फ्रेंच टोस्ट, अण्णा. दुधातला.
फ्रान्सचा होय, म्हणाले, आणि खाल्ला.
चार वाजता विचारलं, उरलाय का?

या माणसाने अडतीस वर्षं
प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
गड्डीत एखादी नोट
केसभर सरकून छापलेली असली
तर आधी बोट थांबायचं, डोळे मागून पोचायचे.
दुधात पाणी किती, हे गवळ्याच्या तोंडावर
नुसत्या वासाने सांगायचे.
त्यांना कळणार नाही?
आठ दिवस हा प्रश्न
मी स्वतःला पडू दिला नाही.

नवव्या दिवशी रिकामी ताटली पुढे करत म्हणाले,
वेलदोडा जरा जास्त घालत जा.
एवढंच. पुन्हा पेपरात तोंड.

मी ताटली धरून उभी.
वेलदोडा जास्त कशासाठी घालतात
हे मला ठाऊक होतं.
त्यांनाही ठाऊक आहे, हे आत्ता कळलं.

घालत गेले. दोन, मग तीन.
टाके सुकले. जिना उतरून
कोपऱ्यावरच्या द्राक्षांच्या गाडीपर्यंत जाऊ लागले,
आंबट निघाली तर भांडू लागले.
आता खरं तर गरज नव्हती.
मीही विचारलं नाही, तेही थांबले नाहीत.

आज मला उठायला उशीर झाला.
घंटागाडी वाजून गेलेली.
स्वयंपाकघरात आले, तर ओट्यावर,
पोळ्यांच्या तव्याला खेटून, तो.
अभ्रा काढून, नीट चार घड्या करून शेजारी,
अभ्र्याला कबुतराचं एक बारीक पीस.
गार बिडावर बोटांचे ठसे.

अण्णा बैठकीत, पाठमोरे,
पानं उगाच मोठ्याने उलटत.

मी पीस खिडकीबाहेर सोडलं.
गॅस पेटवला.
नळ बंदच ठेवला.

टक्.